इंदूने विचारलं होतं

हे आजवर कुणाला बोललो नाही. समितीतल्या पोरांना नाही, खोलीतल्या गाववाल्यांना नाही, गावी गेलो तेव्हा आईलाही नाही. मला बोलायची सवय नाही असं म्हणाल तर लोक हसतील. गेली काही वर्षं मी बोलण्यापलीकडे केलंय काय? ट्रकवर चढून बोललो, नाक्यावर खुर्चीवर उभा राहून बोललो, पत्रकं लिहिली, फळे लिहिले. एवढं एक सोडून सगळं बोललो.

आता मुंबईसह मराठी राज्य मिळालं. पेढे वाटून झाले, दिव्यांच्या माळा उतरल्या, कमानींचे बांबू ज्याचे त्याने नेले. पोरं म्हणतात, मोहन, दमलास तू, जरा गावी जाऊन पड. दमलोय, खरंच. पण कशाने — ते त्यांना कुठे ठाऊक आहे?

पत्रक लिहायला सोपं असतं. पहिल्या ओळीत आरोपी उभा करायचा, दुसरीत त्याचा गुन्हा, तिसरीत जनतेला हाक. त्या रीतीने हे तीन ओळींत आटपायला हवं. आटपत नाही. आरोपीच लिहायला बसला की तो इकडचं तिकडचं सांगत बसतो — मीही तेच करतोय, बघा.

तर आधी फळा. लालबागच्या नाक्यावर पानवाल्याच्या शेजारच्या भिंतीला आमचा फळा होता. पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन गिरणीकडे निघायच्या आत तो लिहून तयार लागायचा. ओल्या फडक्याने कालचं पुसायचं, सुकेपर्यंत एक विडी, मग आजचं. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची. बाकीचे माना वर करून ऐकत. मोर्चा कुठून निघणार, काल कोणाला पकडलं, कुठे गोळी चालली, हे आधी फळ्यावर आणि मग पेपरात. पेपरवर माणसं संशय घेत. शेठजीचा पेपर, म्हणत. फळ्यावर कोणी संशय घेतल्याचं मी पाहिलं नाही. 'फळ्यावर लिहिलंय' म्हटलं की चाळीतलं भांडणसुद्धा मिटे. माझं अक्षर वळणदार, म्हणून तो खडू माझ्या हातात आला होता. वय एकवीस. त्या वयात एवढा विश्वास हातात आला की माणसाचं काय होतं, ते आता मला कोणी विचारलं तर सांगू शकेन. तेव्हा कोणी विचारलं नाही.

जेवायला मी जानकीमावशीच्या खानावळीत होतो. मावशी मालवणकडची, विधवा. दोन खोल्यांत गिरणीची पंधरावीस माणसं पाळीप्रमाणे येऊन जेवून जायची. भाकऱ्या थापायला मुलगी इंदू. मुलगा वसंता गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होता — होता म्हणतो, कारण आंदोलनात गोळी त्याच्या मांडीत शिरली आणि पाय कामातून गेला. गिरणीत उभं राहून करायचं काम. बसून कोण देणार? वसंता घरी. इस्पितळात तो पडून होता तेव्हा इंदू रोज पेज घेऊन जायची. तिथल्या नर्सबाई पट्टी कशी सोडतात, कशी बांधतात, हे ती डोळे फाडून बघत बसायची. घरी आल्यावर तिने मावशीला सांगून टाकलं, मी नर्स होणार.

हे सगळं इंदूचंच आहे, म्हणून नीट सांगतो. इंदू मराठी सातवी पास. परळच्या एका इस्पितळात ऐन उन्हाळ्यात मुली शिकायला घ्यायच्या होत्या. राहणं-जेवण तिकडेच, वर थोडा पगार. मेट्रनबाई स्वतः मुलाखत घेणार आणि मुलाखत इंग्रजीत. फार नाही विचारत, म्हणे — नाव काय, घरी कोण कोण, आज हवा कशी. पण सातवीपर्यंत इंग्रजीचं अक्षर शिकवत नाहीत. इंदूला 'माय नेम' म्हणता येत नव्हतं. त्या वर्षी तिची निवड झाली असती तर ती भाकऱ्यांतून सुटली असती. नाही झाली तर मावशी तिचं लग्न उरकणार, हे ठरलेलं होतं. बाकी काही नाही. एवढंच पणाला लागलं होतं.

शिकवायला यायच्या कुसुमताई. नायगावच्या चाळीत राहायच्या, म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण. घरच्यांनी त्या सुमारास बौद्ध धर्म घेतलेला. इस्पितळातच मावशीशी ओळख झाली, त्यांचा भाऊ वसंताच्या शेजारच्या खाटेवर होता. दुपारची पंगत उठली, ताटं धुऊन पालथी पडली की त्या यायच्या. पहिल्या दिवशी मावशीने चहा वेगळ्या कपात दिला. कुसुमताईंनी तो कप बघितला आणि चहा प्यायला. पुढे कधीतरी तो कप दिसेनासा झाला आणि त्यांनाही सगळ्यांसारखा पितळी पेल्यात चहा मिळू लागला.

इंदू, चाळीतल्या तिघीचौघी, आणि मावशी भिंतीला टेकून. आणि — मी.

हो, मी. सभेत 'कारभार मराठीत झालाच पाहिजे' म्हणून घसा फोडणारा मी दुपारी उशिरा जेवायला आल्याचं निमित्त करून तिथे मागे बसायचो. मॅट्रिक होतो, पण इंग्रजी कागदावरचं. तोंडातून शब्द फुटत नसे. फोर्टात एका बोटीच्या कंपनीत कारकुनाच्या जागा निघणार होत्या आणि मला एक हवी होती. त्यात वाईट काय? काही नाही. आज म्हणतो, काही वाईट नव्हतं. तेव्हा उघड म्हणायची छाती झाली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वर्गात हसणं फार व्हायचं. आय, यू, ही, शी. कुसुमताई स्वतःकडे बोट करायच्या, मग समोरच्याकडे. यू म्हणजे तू आणि तुम्हीही, साहेबालाही यू आणि झाडूवाल्यालाही यू, हे सांगताना त्यांचा आवाज जरा निराळा व्हायचा. 'ही' म्हणजे तो, म्हटल्यावर मावशी सरळ बिथरली.

"घोव मेलो म्हणान काय झाला? तेंका मी एकेरीत बोलू? माका नाय जमूचा!"

शेवटी तिच्या नवऱ्यापुरतं 'दे' ठरलं. अनेकवचनात बसवला त्याला. कुसुमताई म्हणाल्या, मावशी, परीक्षा तुमची नाही, तुम्ही खुशाल 'दे' म्हणा.

मग ऋतू. पुस्तक विलायतेचं. त्यात स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. मावशीने बोटं मोजली आणि विचारलं, "आणि पावसाळो खय गेलो?" खरंच नव्हता. कुसुमताईंनी 'रेनी सीझन' आपल्या पदरचा घातला. इंदूला वेगळाच प्रश्न पडला. इट इज हॉट — पण बाई, 'इट' म्हणजे कोण? कोण गरम आहे? बाई म्हणाल्या, कोणी नाही गं, नुसतं म्हणायचं. इंदूला ते पटलं नाही, पण तिने पाठ केलं. इट इज कोल्ड इन दिल्ली. इट इज हॉट इन बॉम्बे. हे वाक्य तिला असं बसलं की भाकरी थापता थापता, थापेच्या ठेक्यावर म्हणायची.

आणि एक दिवस कुसुमताईंनी सांगितलं — हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे — आपण माणूस भेटला की जेवलात का विचारतो, तसा साहेब हवेचं बोलतो. तो हवेचं बोलतो तेव्हा त्याला हवेचं काही पडलेलं नसतं. वरून एक, आतून ओळख काढणं. मेट्रनबाई हवा विचारेल तेव्हा घाबरू नका.

आता त्या संध्याकाळकडे यायला हवं. मी किती वेळ घेतोय, बघताय ना?

नाक्यावर आम्ही पोरं उभे होतो. दत्ता परब आमचा पुढारी. दोनदा तुरुंगात जाऊन आलेला, त्याच्या शब्दावर पोरं जीव टाकत. मीही टाकत होतो. तो आला आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकून म्हणाला, "काय साहेब, हाऊ डू यू डू?"

पोरं फिस्सकन हसली.

"कळलं आम्हाला. खानावळीत हा वरणभात खात नाही रे, ए बी सी डी खातो. फोर्टात जाणार आमचा मोहन. उद्या टाय लावून फळा लिहील."

आणखी कोणीतरी म्हणालं, "आणि शिकतोय कोणाकडे, तर त्या नायगाववालीकडे." त्यावर हशा जरा वेगळा झाला. तुम्हाला कळला असेल कसा.

मी काय म्हणायला हवं होतं? 'हो, शिकतोय, तुझ्या बापाचं काय जातं?' एवढंच. दत्ता कदाचित खांद्यावर थाप मारून गप्प बसला असता. तो वाईट माणूस नव्हता. पण माझ्या तोंडून निघालं, "मी नजर ठेवायला जातो तिथे. ती बाई काय शिकवते ठाऊक आहे तुम्हाला?"

"काय शिकवते?"

आणि मी बोललो. विचार न करता, सभेत सुचतं तसं सुचलं. ती पोरीबाळींकडून वदवून घेते, मुंबई महाराष्ट्राची नाही.

हसणं थांबलं. दत्ता माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागला — मान देऊन. तो म्हणाला, "मग अजून फळ्यावर कसं नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर होतं. 'खानावळीच्या आडून इंग्रजीचा वर्ग! आमच्या भोळ्या भगिनींच्या तोंडी शब्द घातले जातात — मुंबई महाराष्ट्राची नाही! कामगार बंधूंनो, सावध!' उद्गारचिन्हं मी रंगीत खडूने काढली. वळण बिघडलं का? नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं. ती बाई आमच्यातली नव्हती, म्हणून ते लिहिणं इतकं सोपं गेलं — हेही लिहून ठेवतो. समतेवर मी तोपर्यंत निदान पाच-सहा पत्रकं लिहिली होती.

दुपारी मी जेवायला गेलो. का गेलो? न जाणं म्हणजे घाबरल्यासारखं दिसलं असतं. पंगतीला माणसं नेहमीची, पण भराभर जेवून उठत होती. एका साचेवाल्याने ताटावरून उठताना मावशीला एवढंच म्हटलं, "मावशे, तुझ्या घरात असं?" मावशीचा चेहरा मेल्यासारखा झाला. ज्या घरातल्या पोराने मांडीत गोळी घेतली, त्या घरात असं.

नेहमीच्या वेळेला कुसुमताई आल्या. नाक्यावरूनच आल्या होत्या, म्हणजे वाचून. मावशी उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, उद्यापासून येव नको." त्यांनी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. मी ताटावर होतो.

"मोहन," त्या म्हणाल्या, "कुठलं वाक्य? ते तरी सांगा."

मी भात कालवत राहिलो. मग जिना उतरल्याचा आवाज आला. त्यांनी आवाज चढवला नाही, त्या रडल्या नाहीत. तसं काही केलं असतं तर मला चिडता तरी आलं असतं.

इथवरचं बरंचसं लोकांना ठाऊक आहे. फळा मी लिहिला, वर्ग बंद पडला, माझं कौतुक झालं. खोटं होतं हे तेवढं ठाऊक नाही. पण मला जे सांगायचंय ते हेसुद्धा नव्हे. फळ्यावरची ओळ खोटी होती, ती गर्दीसमोर, ईर्ष्येत, दत्ताच्या तोंडाकडे बघून लिहिली — मी स्वतःला कित्येकदा असं समजावलंय. त्याच्या पुढचं समजावता येत नाही.

माणसं गेल्यावर इंदू ताटं उचलायला आली. माझ्यासमोर उकिडवी बसली, हळूच विचारलं,

"दादा, आम्ही खरंच म्हटलं होतं तसं?"

मी म्हटलं, "कसं?"

"ते, फळ्यावर लिहिलंत ते. मी एक दिवस चुकले नाही हो. पण बाई म्हणायच्या नि आम्ही मागनं म्हणायचो. आम्हाला काय कळतंय? तुम्ही मॅट्रिक. तुम्ही लिहिलंत म्हणजे तुम्हाला कळलं असणार."

समजतंय का तुम्हाला? ती रोज तिथे होती. तिच्या कानांनी ऐकलं होतं, तिच्या तोंडाने म्हटलं होतं. आणि फळ्यावर वेगळं आलं तेव्हा ती फळ्याला खोटं म्हणाली नाही, स्वतःच्या कानांना म्हणाली. मला वाटलं होतं ती भांडेल. बाई तसं कुठे म्हणाल्या, म्हणून माझ्यासमोर उभी राहील. त्याची उत्तरं मी सकाळपासून तयार ठेवली होती. ही तयारी तिने वाया घालवली. ती माझ्याकडे विचारायला आली, जाणत्याकडे येतात तशी.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दत्ता नव्हता, पोरं नव्हती. 'नाही गं, तसं काही नव्हतं' — एवढं म्हटलं असतं तर ते त्या चार भिंतींत राहिलं असतं. इंदूने कोणाला सांगितलं नसतं, मी ओळखतो तिला. मला काहीसुद्धा मोजावं लागणार नव्हतं.

मी म्हणालो, "हो. होतं त्यात."

"कुठलं?"

कुसुमताईंनी विचारलेलंच तिने विचारलं. त्यांना उत्तर दिलं नाही, हिला दिलं. म्हणालो, "ते तू सारखं म्हणतेस ना — इट इज हॉट इन बॉम्बे. ते."

"पण ते तर मुंबईत उकडतंय असं—"

"वरून तसं. साहेब लोक हवेचं बोलतात तेव्हा हवेचं बोलत नसतात. बाईंनीच सांगितलं होतं की नाही? दिल्ली जशी निराळी, तशी मुंबईही निराळी, महाराष्ट्राची नव्हे, असं निघतं त्यातून."

तिने पालथा हात ओठांवरून फिरवला, उष्टं पुसावं तसा.

"वसूला सांगू नका," ती म्हणाली. "त्याचा पाय गेला ह्यापायी, नि मी घरात बसून—"

ती ताटं उचलून मोरीवर गेली. मी आणखी थोडा वेळ बसलो. बाहेर जाताना मोरीत पाण्याचा आवाज चालू होता, भांड्यांचा नव्हता.

भाकरी थापताना ती पुन्हा काही म्हणाली नाही. इंग्रजी तर नाहीच. मुळात बोलणंच कमी झालं. मी रोज दोन वेळा तिथे जेवत होतो, माझ्या कानांनी ते कमी झालेलं ऐकत होतो. मुलाखतीला अजून आठवडा होता. आठवडा म्हणजे जेवणाच्या किती वेळा, मोजा. प्रत्येक वेळी मला सांगता आलं असतं. 'इंदू, मी खोटं बोललो' — चार शब्द. लाखाच्या सभेत बोललेल्या माणसाला चार शब्द जड का व्हावेत? मी बरीच कारणं शोधली. आंदोलनाचं नाव खराब होईल, फळ्यावरचा विश्वास उडेल, लोक म्हणतील मग ते गोळीबाराचे आकडेही खोटेच. छान कारणं होती. एकही खरं नव्हतं. इंदूच्या नजरेत मला जाणता राहायचं होतं, बस.

कुसुमताई त्या बाजूला परत आल्या नाहीत. एकदा मात्र दादरला फुलवाल्यांच्या गल्लीत समोरासमोर आलो. त्यांनी ओळखलं. मी वाटेतून बाजूला झालो, त्या पुढे गेल्या.

फोर्टातली नोकरी मला मिळाली. ते इंदूच्या मुलाखतीनंतर महिन्याभराने. साहेबाने खुर्ची दाखवली, पंख्याकडे बघितलं आणि हवेचंच बोलला. मी घाबरलो नाही. व्हेरी वॉर्म टुडे, सर, म्हणालो, बट द रेनी सीझन इज कमिंग. साहेब हसला. अजून त्याच टेबलाशी बसतो मी. दिवसभर इंग्रजीत नोंदी करतो आणि संध्याकाळी नाक्यावर येतो. इंदूचं त्याच वर्षी लग्न झालं. नवरा देवगडकडचा, बिजवर. मावशी म्हणते बरं चाललंय. बरं म्हणजे काय, ते मी विचारत नाही.

पण तो मुलाखतीचा सोमवार राहिला.

त्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. कदाचित ती गेलेली असेल, असं वाटत होतं. मुलाखतीसाठी मावशीने नवं पातळ घेऊन ठेवलं होतं, निळं. ते मी पूर्वी दोरीवर बघितलं होतं. जिना चढताना मी मनात म्हणत होतो, जाऊ दे तिला, गेलेली असू दे, म्हणजे सगळं आपोआप मिटलं. वर आलो. वसंता दाराशी पाय लांब करून बसला होता. म्हणाला, "ही बघ ना, ऐन वेळेला म्हणते नको. तू सांग जरा. तुझं ऐकते ती."

इंदू चुलीपुढे होती. अंगावर नेहमीचं लुगडं, धुराने डोळे लाल. धुरानेच, असं म्हणू. इस्पितळ खानावळीपासून चालत गेलं तर लांब नव्हतं. त्या वेळेला निघाली असती तरी पोचली असती. वसंता माझ्या तोंडाकडे बघत होता. तीही बघत होती.

मी वसंताला म्हटलं, "तिची मर्जी."

आणि पाटावर बसलो. तिने ताट मांडलं, आमटी वाढली, खाली बघूनच विचारलं, भात वाढू?

वाढ, म्हणालो.

तिने वाढला. मी पोटभर जेवलो.